शंखो चौधुरी आणि बडोद्याचे शिल्पघर

सुरतेहून भुसावळ-जळगावकडे जाणाऱ्या तापी खोऱ्याच्या लोहमार्गावर चलथाण हे एक लहानसे स्थानक आहे. उसाचे मळे आणि साखर कारखाना यांमुळे खानदेशातील पुष्कळ कष्टकरी कुटुंबांना या गावाचे नाव परिचित आहे. पलसाणा तालुक्याचा हा मुलूख एके काळी गायकवाडांच्या बडोदे संस्थानातील नवसारी प्रांतात मोडत असे. सुरतेस गाडी बदलून उत्तरेस सुमारे १३० किलोमीटर गेले, की ती गायकवाडांची नगरी लागते. त्या नगरीत दगड, माती, लाकूड व धातू यांना रूप देणाऱ्या माणसांचे एक घर १९५० च्या सुमारास उभे राहिले. त्याच्या उभारणीत ज्यांनी आपल्या उमेदीची सुमारे एकवीस वर्षे वेचली, त्या शिल्पकार शंखो चौधुरी यांची ओळख वाचकांस करून देण्याचा आज मानस आहे.

ही ओळख करून देण्यास एक कारण आहे. पोळ्याच्या दिवसांत खेड्यातील मुले मातीचे बैल करतात. त्यांतील एखाद्याचा बैल असा काही साधतो, की त्याची वशिंड, मान, शिंगांचा झोक पाहून म्हातारी माणसेही क्षणभर थबकतात. मूल शाळेत जाऊ लागले, की तोच छंद आईबापांस नकोसा होतो. “मातीत हात घालून पोट भरणार आहे काय?” असा प्रश्न घरोघर विचारला जातो. तो विचारणारे आईबाप निष्ठुर नसतात; पोटाची काळजी त्यांना तसे बोलावयास लावते. या प्रश्नाचे सोपे उत्तर कोणापाशीच नाही. परंतु शंखोबाबूंच्या जीवनावरून एवढे तरी स्पष्ट दिसते, की अशा मुलाच्या अंगी नुसता गुण असून भागत नाही. त्या गुणाला राहावयास एक घर लागते, आणि ते घर कोणीतरी आपला वेळ व श्रम देऊन बांधावे लागते.

जन्म आणि गुरू

शंखो चौधुरी यांचा जन्म २५ फेब्रुवारी १९१६ रोजी संथाळ परगण्यात झाला. हा भाग आज झारखंड राज्यात आहे. त्यांचे मूळ नाव नरनारायण. ‘शंखो’ हे घरातले लाडके नाव. पुढे तेच जगाच्या तोंडी राहिले. शिक्षणासाठी ते रवींद्रनाथ ठाकुरांच्या शांतिनिकेतनात गेले. तेथे १९३९ साली त्यांनी पदवी मिळविली, आणि त्यानंतर शिल्पकलेचा अभ्यासक्रम १९४५ साली पुरा केला.

त्या काळी शांतिनिकेतनच्या कलाभवनाचे प्रमुख आचार्य नंदलाल बोस हे होते. शिल्पकलेत मात्र शंखोबाबूंना गुरू लाभले ते रामकिंकर बैज. रामकिंकर हे बांकुडा येथील एका गरीब नाभिक कुटुंबात जन्मलेले. संगमरवर अथवा कांसे विकत घेण्याइतका पैसा तेथे नव्हता. म्हणून त्यांनी सिमेंट व लाल मुरूम यांचा गिलावा करून उघड्या माळावरच मोठमोठी शिल्पे उभी केली. मुलाबाळांसह व कुत्र्यासह वाटेने निघालेले एक संथाळ कुटुंब त्यांनी १९३८ साली घडविले. राजेमहाराजांचे व लाटसाहेबांचे पुतळे ज्या काळात चौथऱ्यांवर बसत होते, त्या काळात एका शिल्पकाराने मजुराचे बिऱ्हाड शिल्पास योग्य मानले, ही गोष्ट लहान नव्हे. १९४५ साली रामकिंकर नेपाळमध्ये युद्धस्मारकाच्या कामासाठी गेले, तेव्हा शंखोबाबू त्यांचे साहाय्यक म्हणून बरोबर होते.

गुरूपासून त्यांनी दोन गोष्टी घेतल्या. जवळ असेल त्या साहित्यातून काम उभे करावे, ही एक. आणि शिल्प हे कोंडलेल्या दालनात घडण्याऐवजी चारचौघांच्या देखत, हवेत व उन्हात घडावे, ही दुसरी. १९४९ साली त्यांनी युरोपचा प्रवास केला. पॅरिस नगरीत त्या वेळी ब्रांकुसी आदी शिल्पकारांनी आकार साधा, गुळगुळीत व नेमका करण्याचा नवा मार्ग दाखविला होता. त्याचाही संस्कार शंखोबाबूंच्या मनावर झाला. अशी ही दुहेरी शिदोरी घेऊन ते बडोद्यास आले.

शिल्पकाराला सोबत का लागते

येथे क्षणभर थांबून शिल्पकाराच्या कामाचे स्वरूप पाहिले पाहिजे. त्यावाचून पुढील हकिगतीचे मर्म ध्यानात येणार नाही. कवीला कागद व लेखणी पुरते. चित्रकार एका खोलीत बसून चित्र पुरे करू शकतो. शिल्पकाराचे तसे नाही. एक घनमीटर संगमरवराचे वजन सुमारे २७०० किलो भरते. तो उतरवावयास माणसे लागतात, तो उभा करावयास साखळदंड व घोडी लागते, छिन्नीला वरचेवर धार लावण्यासाठी भट्टी लागते. मातीची मूर्ती मोठी असली, तर तिच्या पोटात लोखंडी सळ्यांचा सांगाडा बांधावा लागतो. नाही तर ओल्या मातीचा भार आपल्याच वजनाने खाली बसतो. मूर्तीवर प्लास्टरचा साचा चढविताना तो एकट्याच्या हाताने नीट चढत नाही, आणि उतरत तर नाहीच.

धातूच्या ओतकामाचे काय सांगावे! आधी मेणाची प्रतिमा करावयाची, तिच्यावर मातीचे लेप द्यावयाचे, ते भाजून मेण वितळवून काढावयाचे, आणि त्या पोकळीत तापून लाल झालेला रस ओतावयाचा. कांसे वितळण्यास सुमारे हजार अंश सेल्सिअस उष्णता लागते. रस ओतताना एकाचा हात कचरला, तर महिन्यांचे काम एका क्षणात वाया जाते, व माणूसही भाजतो. अशा कामात शेजारी उभा असलेला माणूस भरवशाचा असावा लागतो. आपल्याकडे तांबट आळी, कुंभारवाडा, पाथरवटांची वस्ती अशा वस्त्या पिढ्यान्‌पिढ्या एकत्र नांदल्या, त्यामागे जातीची बंधने होतीच, परंतु कामाची ही निकडही होती. गोव्याकडील जुन्या ख्रिस्तमंदिरांतील लाकडी वेद्या व संतांच्या मूर्ती पाहाव्या. त्यांतील बहुतेकांवर कोरणाऱ्याचे नाव नाही. स्थानिक कारागिरांच्या हातांनी ते काम झाले. एकाने तासले, दुसऱ्याने रंग दिला, तिसऱ्याने सोन्याचा वर्ख चढविला. कौशल्य एकाचे नव्हते, सगळ्या कामशाळेचे होते.

नव्या काळात शिल्पकार हा जातीच्या वस्तीतून बाहेर पडून स्वतंत्र कलावंत झाला. त्याला स्वातंत्र्य मिळाले, पण सोबत सुटली. भट्टी कोठे लावावी, दगड कोठून आणावा, चुकले तर कोणाला विचारावे, हे प्रश्न त्याच्यापुढे उभे राहिले. ही हरवलेली सोबत नव्या रूपात पुन्हा उभी करणे, हेच शंखोबाबूंच्या आयुष्याचे मोठे काम ठरले.

बडोद्याची भूमी

बडोद्याची भूमी अशा कार्यास आधीच नांगरलेली होती. सयाजीराव महाराजांनी १८९० साली तेथे कलाभवन नावाची उद्योगशाळा स्थापिली. तिची धुरा सुरतेचे रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जर यांनी वाहिली. हातातील कसब आणि शास्त्र यांची सांगड घालावी, हा तिचा हेतू. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट काढणारे आपले दादासाहेब फाळके हे याच कलाभवनाचे विद्यार्थी. पुढे नंदलाल बोस यांनीही बडोद्यास येऊन गायकवाड घराण्याच्या कीर्तिमंदिरात भिंतीवरील चित्रे रंगविली.

१९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले. त्याच्या पहिल्या कुलगुरू श्रीमती हंसाबेन मेहता. सुरतेचे नंदशंकर मेहता, ज्यांनी ‘करण घेलो’ ही गुजरातीतील पहिली कादंबरी लिहिली, त्यांची ही नात. त्यांच्या कारकिर्दीत १९५० साली विद्यापीठात ललितकलांची स्वतंत्र विद्याशाखा सुरू झाली. चित्र व शिल्प यांचे शिक्षण घेणाऱ्यास इतर विषयांप्रमाणेच विद्यापीठाची पदवी मिळावी, ही योजना या देशात तेथे प्रथम अमलात आली. मार्कंड भट्ट हे तिचे पहिले अधिष्ठाते. चित्रकला विभाग सांभाळावयास इंदूरचे मराठी चित्रकार नारायण श्रीधर बेंद्रे आले, व शिल्पकला विभागाची जबाबदारी शंखोबाबूंनी घेतली. १९५१ साली केरळात जन्मलेले व शांतिनिकेतनात शिकलेले के. जी. सुब्रमण्यन येऊन मिळाले. असे बंगालचे, माळव्याचे, केरळचे व गुजरातचे लोक एका आवारात जमले. कोणाची भाषा कोणाला पुरती येत नव्हती. परंतु माती, रंग व दगड यांची भाषा सर्वांस येत होती.

पुष्पबाग नावाच्या त्या आवारात शिक्षक आपले काम घरी लपवून करीत नसत. विद्यार्थी ज्या छपराखाली छिन्नी चालवी, त्याच छपराखाली गुरूही काम करी. १९५६ साली शिक्षक व विद्यार्थी यांनी मिळून ‘बरोडा ग्रूप ऑफ आर्टिस्ट्स’ हे मंडळ स्थापिले व आपली चित्रे-शिल्पे बाहेरच्या जगापुढे मांडली. १९६० नंतरच्या वर्षांत ललितकलेचा मेळा भरू लागला. त्यात शिक्षक व विद्यार्थी स्वतःच्या हातांनी खेळणी करीत, कळसूत्री बाहुल्या नाचवीत, लहानमोठ्या वस्तू करून सामान्य माणसाला परवडेल अशा किमतीत विकीत. नगरातील लोक मुलांना घेऊन येत. ज्याने कधी चित्रदालनाची पायरी चढली नव्हती, तोही मेळ्यातून एखादा रंगीत लाकडी घोडा घेऊन घरी जाई. कलेचे घर व गाव यांच्यामधील कुंपण असे थोडेसे खाली आले.

शिक्षक आणि त्याचे शिष्य

शंखोबाबूंची स्वतःची शिल्पे कशी होती, हेही सांगितले पाहिजे. माणसांचे हुबेहूब चेहरे घडविण्याची त्यांची हातोटी पक्की होती. परंतु त्यांचे मन रमले ते आकाराचा फाफटपसारा काढून टाकण्यात. तांबे, पितळ व ॲल्युमिनियम यांचे पत्रे वाकवून ते पक्षी घडवीत. त्या पक्ष्याला पिसे नसत, डोळेही नसत. पण मान वळविण्याची ऐट अशी असे, की पाहणाऱ्याने ‘हा पक्षीच’ असे म्हणावे. दगडात व लाकडात त्यांनी उभ्या स्त्रियांच्या आकृती केल्या, त्याही अशाच मोजक्या रेषांच्या. दिल्लीच्या आकाशवाणी भवनासाठी १९५७ साली त्यांनी संगीत हा विषय शिल्पात मांडला. तत्पूर्वी १९५६ साली ललित कला अकादमीचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना मिळाला होता, व १९७१ साली भारत सरकारने पद्मश्री देऊन त्यांचा गौरव केला.

तथापि त्यांच्या कामाची मोजदाद केवळ या शिल्पांवरून केली, तर ती अपुरी राहील. त्यांच्या विभागातून जे शिष्य बाहेर पडले, त्यांच्याकडे पाहावे. बडोदे जिल्ह्यातील जुनी जिथरडी या खेड्यात १९३७ साली जन्मलेले नागजी पटेल हे त्यांतलेच. त्यांनी दगड हेच आपले साहित्य मानले, आणि खेड्यातील फळे, बिया, जनावरे यांचे आकार त्या दगडातून बोलते केले. २०१७ साली त्यांचे निधन झाले, तोपर्यंत बडोदे हीच त्यांची कर्मभूमी होती. सौराष्ट्रात गोंडलजवळील अनिडा गावचे राघव कनेरिया हे दुसरे. त्यांनी भंगारातील लोखंड जोडून शिल्पे केली, आणि गुराख्यांच्या व खेडुतांच्या जीवनाची छायाचित्रेही टिपली. महेंद्र पंड्या हे तिसरे. कनेरिया व पंड्या पुढे त्याच विभागात स्वतः शिक्षक झाले. या तिघांची शिल्पे एकमेकांसारखी नाहीत, आणि गुरूसारखीही नाहीत. शिष्याच्या हातून आपलीच नक्कल व्हावी असा मोह गुरूला होतो; तो मोह आवरणे हे चांगल्या शिक्षकाचे पहिले लक्षण होय.

सुरत जिल्ह्याच्या वाचकांस आणखी एक नाव आपुलकीचे वाटेल. वालोड येथे १९३४ साली जन्मलेले हकु शाह हे बडोद्यास बेंद्रे, सुब्रमण्यन व शंखोबाबू यांच्या हाताखाली शिकले. (वालोड हे गाव २००७ पासून तापी जिल्ह्यात आहे.) शिक्षण झाल्यावर ते आपल्याच मुलखात वेडछीच्या गांधी-आश्रमात शिक्षक झाले. चौधरी, गामीत आदी आदिवासी बांधव नवस फेडण्यासाठी जे मातीचे घोडे व घुमट देवस्थानी वाहतात, ते घडविणाऱ्या कुंभारांच्या कामाचा त्यांनी कित्येक वर्षे अभ्यास केला. १९६८ साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे स्टेला क्रामरिश या विदुषीने भारतातील ग्रामीण व आदिवासी कलेचे जे मोठे प्रदर्शन भरविले, त्यात त्यांचे हकु शाह यांनी साह्य केले. आपल्या शेजारच्या कुंभाराच्या चाकावरील कसब जगाच्या दुसऱ्या टोकाला आदराने पाहिले गेले. १९८९ साली हकुभाईंना पद्मश्री मिळाली. २०१९ साली ते निवर्तले. वालोडच्या मुलाला बडोद्याचे घर लाभले नसते, तर हा अभ्यास कोणाच्या हातून झाला असता?

द्यावी लागलेली किंमत

परंतु या सर्वांची किंमत काय पडली, हा विचार केल्यावाचून हकिगत पुरी होत नाही. विभाग चालविणे म्हणजे वेळापत्रके, परीक्षा, दगडाची खरेदी, पैशांच्या मंजुऱ्या, सहकाऱ्यांचे रुसवेफुगवे आणि विद्यार्थ्यांच्या अडचणी. १९५७ साली शंखोबाबू प्राध्यापक झाले. १९६६ ते १९६८ या काळात ते विद्याशाखेचे अधिष्ठाते होते. राजस्थानातील मकराणा येथे संगमरवराच्या खाणींपाशी शिल्पकारांची शिबिरे भरविण्यातही त्यांचा पुढाकार होता. तरुण शिल्पकारांना दगड विकत घेणे परवडत नाही, तर त्यांनीच दगडापाशी जावे, खाणीतील कामगारांकडून दगडाचा स्वभाव शिकावा, असा तो सरळ विचार. या साऱ्या खटाटोपात जे तास गेले, ते त्यांच्या स्वतःच्या छिन्नीचे तास होते. एकांतात बसून केवळ आपलेच काम केले असते, तर कदाचित त्यांची अधिक शिल्पे आज आपल्यापुढे असती. हा तोटा खरा आहे. तो झाकण्यात अर्थ नाही.

मात्र ते पुढे जसे वागले, त्यावरून या तोट्याकडे त्यांनी कोणत्या दृष्टीने पाहिले ते कळते. १९७० साली त्यांनी बडोद्याची नोकरी सोडली. आता तरी स्वतःपुरते जगावे, असे कोणासही वाटले असते. पण दिल्लीत ललित कला अकादमीचे काम अंगावर येताच त्यांनी पुन्हा दुसऱ्यांसाठी घर बांधावयास घेतले. दक्षिण दिल्लीत गढी नावाची एक जुनी, तटबंदीची वास्तू होती. तेथे १९७६ साली अकादमीने कलावंतांसाठी सामायिक कामशाळा उघडल्या. मूर्तिकाम, मातीकाम, छापचित्रे, रंगकाम यांची सोय एकाच आवारात झाली. ज्याला भट्टी बांधणे शक्य नाही, ज्याच्या भाड्याच्या खोलीत दगड ठेवावयास जागा नाही, अशा कलावंताने तेथे यावे व काम करावे. लोथल येथे १९३३ साली जन्मलेले व बडोद्यास शिकलेले हिम्मत शाह यांनी गढीत अनेक वर्षे राबून भाजक्या मातीची मस्तके घडविली. पुढे त्यांची गणना देशातील अग्रगण्य शिल्पकारांत झाली. २०२५ साली जयपूर येथे त्यांचे निधन झाले.

शंखोबाबूंच्या घरीही हीच हवा होती. त्यांच्या पत्नी इरा चौधुरी याही मातीकाम करणाऱ्या नामांकित कलावंत. एका घरात एकाने धातू वाकवावा व दुसऱ्याने चाक फिरवावे, आणि दोघांनी एकमेकांच्या कामाचा मान राखावा, असा हा संसार. २८ ऑगस्ट २००६ रोजी, वयाच्या ९१ व्या वर्षी, शंखोबाबूंनी या जगाचा निरोप घेतला.

आईबापांसाठी दोन शब्द

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. मातीचा बैल करणारा प्रत्येक मुलगा किंवा मुलगी शिल्पकार होईलच असे नाही, आणि शिल्पकार झालेल्या प्रत्येकास सुखाचा घास मिळेल, असेही वचन कोणी देऊ नये. हे काम कष्टाचे आहे; यश उशिरा येते, पुष्कळांना येतही नाही. परंतु आज त्या वाटेवर घरे उभी आहेत. मुंबईस १८५७ साली सुरू झालेले सर ज. जी. कलाविद्यालय आहे, आणि सुरत-चलथाणच्या माणसाला तर बडोदे सकाळी निघून संध्याकाळी परत येण्याइतके जवळ आहे. मुलाच्या हातात खरोखरीचा गुण दिसला, तर त्यास रागावण्यापूर्वी एकदा तेथे घेऊन जावे. मुलाने तेथील कामशाळा, दगडाची धूळ, घाम गाळणारे विद्यार्थी आपल्या डोळ्यांनी पाहावेत. ते पाहून त्याचा छंद ओसरला, तर तो छंदच होता असे समजावे. ओसरला नाही, तर त्याच्या पाठीशी उभे राहावे. गावातील कुंभार, सुतार, लोहार यांच्यापाशी त्यास बसू द्यावे. शाळेचे पुस्तक सुटू देऊ नये, पण हातातील मातीही हिसकावून घेऊ नये.

आणि ज्यांना स्वतः काही घडविता येत नाही, अशा आपणा बहुसंख्यांसाठीही या चरित्रात एक बोध आहे. गावातील वाचनालय, भजनमंडळ, मुलांची तालीम, शिवणवर्ग यांपैकी काहीही चालवावयाचे झाले, तर कोणीतरी किल्ली सांभाळावी लागते, दिव्याचे तेल घालावे लागते, रुसलेल्याची समजूत काढावी लागते. त्या माणसाचे नाव सहसा कोठे कोरले जात नाही. शंखो चौधुरींचे नाव त्यांच्या शिल्पांमुळे राहील हे खरेच. पण बडोद्याच्या त्या छपराखाली आजही एखादे खेड्यातून आलेले मूल पहिल्यांदा छिन्नी हातात घेते, आणि ती कशी धरावी हे त्याला दाखवावयास शेजारी कोणीतरी उभे असते. त्या मुलाला बहुधा शंखोबाबूंचे नावही ठाऊक नसेल. त्यांनी बांधलेल्या घराचे काम त्यामुळे अडत नाही.